पाताळातील वहिवाटदार

बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात काडू मल्लेश्वराचे जुने देवालय आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे ह्यांनी १६६९ साली ह्या देवस्थानाला एक गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. त्यामुळे मल्लेश्वरमात राहणाऱ्या मराठी माणसाचे पाय सहजच तिकडे वळतात. ह्या देवळासमोर, रस्त्याच्या पलीकडे, एक जागा होती. वर्षानुवर्षे लोक तिला मोकळी जागा म्हणूनच ओळखत. १९९७ साली तेथे खोदकाम झाले आणि मातीखालून चक्क एक मंदिर निघाले. दगडी खांबांच्या ओवऱ्या, मधोमध पुष्करणी, आणि नंदीच्या मुखातून शिवलिंगावर अखंड पडणारी पाण्याची धार! आज त्या स्थानाला नंदीतीर्थ म्हणतात. वर माणसे ये-जा करीत होती, आणि खाली, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, पाणी आपले काम करीतच होते.

नोकरीची बरीच वर्षे जमिनीच्या कागदपत्रांत घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही हकीगत फार बोधप्रद वाटते. दप्तरात 'मोकळी' किंवा 'पड' अशी नोंद असली म्हणजे ती जमीन खरोखरीच मोकळी असते असे नाही. नोंद करणारा तेथे पोचला नव्हता, एवढाच कित्येकदा तिचा अर्थ असतो.

ह्याच भागात आमच्या गल्लीत एका उन्हाळ्यात विंधणविहीर खणली जात होती. यंत्राची घरघर दोन दिवस चालू होती. हजार फूट ओलांडले तरी नळीतून करडी, कोरडी भुकटीच उडत होती. शेजारचे एक वृद्ध कन्नड गृहस्थ माझ्याजवळ उभे राहून ती भुकटी पाहत होते. त्यांनी विचारले, "इतक्या खाली काय असते हो?" मी म्हणालो, "दगड. दुसरे काय असणार?" माझे हे उत्तर चुकीचे होते, हे मला पुढे वाचनात कळले. ते दुरुस्त करावे, एवढाच ह्या भाषणाचा हेतू आहे.

दगड तर तेथे आहेच. बंगळूर ज्या खडकावर वसले आहे तो पट्टेदार नाइस जातीचा असून लालबागेतील टेकडीवर तो उघडा पडलेला दिसतो. त्याचे वय सुमारे तीन अब्ज वर्षे आहे. असा खडक आपल्याला जडतेची परिसीमा वाटतो. दगडाला पाझर फुटणे ही आपल्या भाषेत अशक्य गोष्टीची खूण आहे! परंतु ह्या खडकाला भेगा असतात, भेगांत पाणी असते, आणि शास्त्रज्ञ आता असे सांगतात की, जेथे पाणी आणि सोसवेल इतकी उष्णता आहे, तेथे भूपृष्ठाखाली कित्येक किलोमीटरपर्यंत जीव असू शकतो.

आपल्या पुराणांनी अतल, वितल, सुतलापासून पाताळापर्यंत भूमीखाली सात लोक कल्पिले आणि ते नाग, दैत्य व दानवांनी भरून टाकले. आधुनिक विज्ञानाने मात्र प्रारंभी ती सारी वस्ती उठवली. सर्व जीवसृष्टी सूर्यावर जगते. वनस्पती सूर्यप्रकाशातून अन्न करतात आणि बाकीचे जीव प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे त्या अन्नावर जगतात. तेव्हा जेथे सूर्य नाही तेथे जीव कसा असेल? हा युक्तिवाद इतका सरळ होता की, तो तपासून पाहण्याची गरज फार थोड्यांना वाटली.

ज्यांना वाटली त्यांपैकी एक शिकागो विद्यापीठातील भूशास्त्रज्ञ एड्सन बॅस्टिन. खोल तेलविहिरींतून येणाऱ्या पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास का येतो, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. हा वास हायड्रोजन सल्फाइड वायूचा. सल्फेटापासून हा वायू तयार करणारे जीवाणू दलदलीत असतात हे ठाऊक होते. १९२६ साली बॅस्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विहिरींच्या पाण्यात तसले जीवाणू दाखवून दिले. लगेच आक्षेप आला की, हे जीव खालचे नव्हेत. खोदणाऱ्यांनी आपल्या हत्यारांबरोबर आणि पाण्याबरोबर ते खाली नेले आहेत. आक्षेप वाजवी होता, आणि त्याचे निर्णायक उत्तर देण्याची साधने त्या काळी नव्हती. खटला जवळजवळ साठ वर्षे तसाच पडून राहिला.

तो पुन्हा चालला तो विसाव्या शतकाच्या अखेरीस. एक ठळक पुरावा दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींतून मिळाला. तेथे प्रिन्स्टन विद्यापीठाचे टलिस ऑन्स्टॉट आणि त्यांचे सहकारी खाणकामगारांबरोबर खाली उतरून खडकाच्या भेगांतून झिरपणारे पाणी गोळा करीत. सुमारे २.८ किलोमीटर खोलीवरील, साठ अंश सेल्सियस उष्णतेच्या पाण्यात त्यांना एक काडीच्या आकाराचा जीवाणू सापडला. त्या पाण्यात जवळजवळ सगळी वस्ती ह्या एकाच जातीची होती. २००६ साली हा शोध आणि २००८ साली त्या जीवाणूची संपूर्ण आनुवंशिक संहिता प्रसिद्ध झाली. ज्यूल व्हर्नच्या पृथ्वीच्या पोटातील प्रवासाच्या कादंबरीत एक लॅटिन संकेतवाक्य आहे. त्यातील 'धाडसी प्रवासी' अशा अर्थाचे शब्द घेऊन त्याचे 'ऑडॅक्सव्हिएटर' असे नामकरण झाले. ह्या प्रवाशाला प्राणवायू लागत नाही, सूर्य लागत नाही, दुसऱ्या कोणाची सोबतही लागत नाही. कार्बन आणि नायट्रोजन तो आपले आपण मिळवतो.

अशी खोल वाट आपल्यापाशीही होती, आणि ती मल्लेश्वरमाहून शंभर किलोमीटरांच्या आसपास. कोलारच्या सोन्याच्या खाणी १८८० च्या सुमारास आधुनिक रीतीने सुरू झाल्या आणि तीन किलोमीटरांहून अधिक खोल गेल्या. तळाशी खडकाचे तापमान साठ अंशांच्या वर होते. विज्ञानाने ह्या खाणींचा उपयोग केला नाही असे नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व इंग्रज सहकाऱ्यांसह १९६५ साली वातावरणातून येणाऱ्या न्यूट्रिनो कणांची चाहूल तेथेच टिपली. आकाशातून आलेल्या कणांसाठी आपण पाताळात उतरलो होतो! पण २००१ च्या फेब्रुवारीअखेर खाणी बंद झाल्या, पाणी उपसणारे पंप थांबले आणि भुयारे पाण्याने भरत गेली. पाच वर्षांनी आफ्रिकेतील तो शोध प्रसिद्ध झाला, तेव्हा कोलारचे दार मिटलेले होते. ह्यात कोणाचा दोष नाही. खाण सोन्यासाठी होती. सोने परवडेना, म्हणून ती बंद झाली. तरीही मनाला चुटपूट लागते. एकदा मिटलेली अशी दारे शास्त्रासाठी म्हणून पुन्हा उघडणे सोपे नसते.

सुदैवाने दुसरे एक दार उघडले, आणि ते महाराष्ट्रात. त्याचे निमित्त मात्र दुःखद होते. १९६७ सालच्या ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनानगर हादरले. ६.३ तीव्रतेच्या त्या भूकंपात सुमारे दोनशे माणसे गेली. शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागल्यापासून त्या भागात भूकंपाचे धक्के वाढले होते, आणि ते आजतागायत बंद झालेले नाहीत. जवळजवळ वीस किलोमीटर रुंद आणि तीस किलोमीटर लांब एवढ्याच पट्ट्यात ते होत राहतात, आणि बहुतेकांचे उगमस्थान फार खोल नसते. भूकंप जेथे जन्मतो तेथेच भोक पाडून त्याची नाडी पाहावी, असा विचार पुढे आला. भारत सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने ही योजना हाती घेतली. तिच्यासाठी कराड येथे प्रयोगशाळा उभी राहिली. प्रथम सुमारे दीड किलोमीटरपर्यंतची नऊ शोधछिद्रे पाडण्यात आली, आणि २०१७ साली गोठणे येथील छिद्र तीन किलोमीटरांच्या पलीकडे गेले.

सह्याद्रीच्या पोटात असे प्रथमच डोकावता आले. वरचा काळा पाषाण, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे एकावर एक निजलेले थर, रासाटी येथे सुमारे ९३० मीटर जाड निघाले, तर गोठण्यास सुमारे साडेबाराशे मीटर. त्यांच्याखाली वाळू, माती, गाळ असे काही न लागता एकदम ग्रॅनाइट व नाइस खडक लागले. त्यांचे वय अडीच अब्ज वर्षांच्या पलीकडचे. आमच्या गल्लीत विंधणविहिरीतून जी भुकटी उडत होती, तिच्याच गोत्रातला हा खडक. बंगळुरात तो उघड्यावर आहे. कोयनेला त्याने एक किलोमीटर जाडीचे काळे पांघरूण घेतले आहे, इतकेच.

भूकंपासाठी काढलेल्या दगडाच्या ह्या कांड्यांवर खरगपूरच्या आय. आय. टी. मधील पिनाकी सार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीवशोधाचा हक्क सांगितला. त्यांचा पहिला तपशीलवार वृत्तांत २०१८ साली प्रसिद्ध झाला. पण तो ऐकण्याआधी बॅस्टिन ह्यांच्यावर घेतलेला जुना आक्षेप आपण विसरता कामा नये. खडकात सापडलेला जीव खडकाचाच, हे ठरवायचे कसे?

हे काम मोठे किचकट असते. छिद्र पाडताना यंत्राचे दात थंड राहावेत आणि चुरा वर यावा म्हणून चिखलासारखे द्रव आत सोडतात. त्या द्रवात लक्षावधी जीवाणू असतात. शिवाय माणसाचे हात, हवा, पेटी, प्रयोगशाळेतील रसायने, सगळीकडे जीवाणूच. म्हणून कांडी वर येताच ती निर्जंतुक रीतीने जपून ठेवतात, द्रवाचा स्पर्श झालेले तिचे बाहेरचे कवच काढून टाकतात आणि फक्त आतला भाग कुटून तपासतात. द्रवाचाही नमुना वेगळा तपासतात, म्हणजे चोर कोण आणि घरमालक कोण ह्याची ओळख पटते. काही ठिकाणी द्रवात मुद्दाम चमकणारे सूक्ष्म कण मिसळतात. ते दगडाच्या आत दिसले तर तो नमुना बाद. एवढे करूनही संशयाला थोडी जागा उरतेच, कारण खोल खडकात जीवांची संख्या इतकी कमी असते की, बाहेरचे थोडेसे जीवाणूही सारा हिशेब बिघडवतात. आणि आणखी एक अडचण: डी. एन. ए. सापडले म्हणजे त्याचा धनी जिवंत आहे असे नाही. मृताचे नाव उताऱ्यावर राहावे तसे मेलेल्या पेशीचे डी. एन. ए. मागे राहू शकते.

ही सारी काळजी ध्यानात धरून कोयनेचा वृत्तांत वाचला म्हणजे त्याचे महत्त्व कळते. काळा पाषाण आणि खालचा ग्रॅनाइट ह्या दोन्हींत जीवाणूंच्या खुणा मिळाल्या. खोली वाढत गेली म्हणून त्यांची संख्या नियमाने घटत गेली असे दिसले नाही. दोन खडकांतील वस्त्या मात्र निरनिराळ्या होत्या. जणू शेजारी असूनही रोटीबेटी व्यवहार नसलेली दोन गावे. सल्फेटावर जगणाऱ्या आणि मिथेन वायूशी संबंध असलेल्या जीवांच्या जनुकांचे प्रमाण काळ्या पाषाणात ग्रॅनाइटच्या निदान दसपट आढळले. त्या जनुकांवरून असा निष्कर्ष निघाला की, ह्या वस्तीचा आधार सूर्य नसून खडकातील रसायने हा असावा.

म्हणजे हे जीव खातात काय? ह्याचे उत्तर मोठे चमत्कारिक आहे. त्यांचे मुख्य अन्न हायड्रोजन वायू, आणि तो त्यांना दोन मार्गांनी मिळू शकतो. पहिला मार्ग लोहाचा. काळ्या पाषाणात लोह विपुल आहे. विशिष्ट स्थितीत ते पाण्याशी संयोग पावते, म्हणजे एका अर्थी गंजते, आणि त्यात पाण्यातील हायड्रोजन सुटा होतो. अमेरिकेतील कोलंबिया नदीच्या खोऱ्यात आपल्या दख्खनसारखेच लाव्हाचे थर आहेत. तेथील खोल पाण्यात अशा हायड्रोजनवर जगणारी सृष्टी आहे, असे १९९५ साली दोन संशोधकांनी मांडले. खडकातून खरोखर एवढा हायड्रोजन निघतो का, ह्यावर पुढे वादही झाला. दुसरा मार्ग किरणोत्सर्गाचा. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम, पोटॅशियम ही द्रव्ये अल्प प्रमाणात असतात. त्यांच्यातून निघणारे किरण पाण्याचे रेणू फोडतात आणि हायड्रोजन मोकळा होतो. आफ्रिकेतील तो धाडसी प्रवासी ह्याच शिदोरीवर जगतो असे मानतात. ज्या किरणांना आपण मृत्यूचे दूत समजतो, ते पाताळात अन्नदाते आहेत!

पण ही शिदोरी अतिशय तुटपुंजी असते. त्यामुळे खालच्या जीवनाचा वेगही विलक्षण मंद असतो. आपल्या आतड्यांतील एखादा जीवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुणावतो. खोल खडकातील पेशीला त्यासाठी शेकडो, कदाचित हजारो वर्षे लागत असावीत, असा अंदाज आहे. सरकारी कचेरीतील कागद हळू सरकतात अशी आमची ख्याती आहे. पण ह्या मंडळींपुढे आम्हीही हात टेकले! समुद्रतळाच्या गाळातून ह्या सहनशक्तीचा एक नवलपूर्ण दाखला मिळाला. दक्षिण प्रशांत महासागराच्या तळाखालील सुमारे दहा कोटी वर्षांच्या गाळातील जीवाणूंना जपानी शास्त्रज्ञांनी अन्न दिले, तेव्हा ते हालचाल करू लागले आणि वाढले. हा प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला.

ह्या वस्तीला सीमा आहे ती मुख्यतः उष्णतेची. सर्वसाधारणपणे एक किलोमीटर खाली गेले की तापमान सुमारे पंचवीस अंशांनी वाढते, जरी प्रत्येक प्रदेशाचे मान वेगळे असते. आजवर ज्ञात असलेला सर्वांत काटक सूक्ष्मजीव १२२ अंशांवर वाढताना पाहिला गेला आहे, तोही समुद्रतळावरील उष्ण झऱ्यांतला. म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येच्या मानाने हे राज्य केवळ सालीएवढे. पण ती साल साऱ्या भूगोलाला वेढून आहे! २०१८ साली अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून अंदाज केला की, भूपृष्ठाखालच्या जीवांत पंधरा ते तेवीस अब्ज टन कार्बन सामावलेला असावा. साऱ्या मानवजातीच्या शरीरांतील कार्बनाच्या कित्येक शेपट. हा अंदाज थोड्या छिद्रांवरून बांधलेला आहे आणि तो पुढे बदलेल. तरीही, जी जागा आपण दप्तरात 'पड' म्हणून लिहिली होती, ती पिकाऊ निघाली, एवढे निश्चित.

आता ह्याचा आपल्या व्यवहाराशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो दिवसेंदिवस निकटचा होत आहे. हवेत साठलेला कार्बन डायऑक्साइड लाव्हाच्या खडकात जिरवावा, अणुभट्टीतील कचरा खोल पुरावा, हायड्रोजन भूमीखाली साठवावा, अशा योजना जगभर चालू आहेत. दख्खनच्या पाषाणाचे नावही कार्बन जिरवण्याच्या संदर्भात घेतले जाते. आइसलंडमध्ये लाव्हाच्या खडकात हा वायू प्रत्यक्ष सोडून पाहिला, तेव्हा खालच्या जीवांची वस्ती झपाट्याने बदलली, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. म्हणजे आपण ज्याला रिकामे कोठार समजतो तेथे कोणीतरी राहते, आणि आपण जे खाली ढकलतो त्याला ते आपल्या रीतीने उत्तर देते. ते आपला वायू दगडात बांधून ठेवण्यास साहाय्य करील की त्याचे दुसरेच काही करून बसेल, आपला हायड्रोजन सांभाळील की खाऊन टाकील, हे न पाहता पुढे जाणे म्हणजे वहिवाटदाराला नोटीस न देता जमीन ताब्यात घेण्यासारखे आहे. हे सूक्ष्मजीव हरकत नोंदवायला कचेरीत येणार नाहीत. म्हणून चौकशी आपणच आधी करावयास हवी.

अशी चौकशी पाटी कोरी असतानाच करावी लागते. खोल खडकात जे जसे आहे ते प्रथम छिद्र पडते त्या वेळीच पाहता येते. पुढे वरचे पाणी, हवा आणि जीवाणू आत शिरतात आणि साक्ष बिघडते. एखादे खोल छिद्र पाण्यासाठी असो, भूकंपासाठी असो की सोन्यासाठी, त्यातील चार कांड्या नीट जपून ठेवण्यास लागणारा खर्च एकंदर खर्चाच्या मानाने फार थोडा असतो. कोयनेला ते झाले. कोलारची वेळ मात्र निघून गेली.

आमच्या गल्लीतील त्या विहिरीला बाराशे फुटांच्या पुढे अखेर पाणी लागले. माणसे आनंदली, यंत्र निघून गेले, करडी भुकटी पावसाने धुतली गेली. ते पाणी खडकाच्या भेगांत किती काळ साठून होते, आणि त्यात आणखी कोण होते, हे कोणी पाहिले नाही. शेजारच्या त्या गृहस्थांना मी पुढे माझी चूक कबूल केली आणि खाली दगडाखेरीज काय असते ते जमेल तसे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नंदीतीर्थ निघाले तेव्हा मी बघायला गेलो होतो. त्याआधी त्या जागेवरून रोज जात होतो."